कोंड्याचा थर

फरशी बसवणारा माणूस खोली पुरी होईपर्यंत जेवत नाही. ज्यांनी आयुष्यात फरशी फक्त पुसली, किंवा दुसऱ्याकडून पुसून घेतली, त्यांना हे पटायचं नाही. त्यांनी एकदा पोटभर खावं, दोन्ही गुडघ्यांवर बसावं, पोट मांड्यांवर दुमडावं आणि हात लांब करून दुपारपर्यंत जमिनीशी झटावं. खाल्लेलं सगळं घशाशी येतं. म्हणून या धंद्यात रीतच अशी, की शेवटची फरशी बसली, धंद्याच्या भाषेत खोली बंद झाली, की मग डबा उघडायचा. तोवर काळा चहा आणि तेल.

तेल म्हणजे दुखण्याची गोळी. गुडघे कुरकुरले की त्यांना तेल पाजायचं, म्हणून तेल. सकाळी गाडीतून माणसं उतरली की ठेकेदार शर्टाच्या खिशातून पट्टी काढायचा आणि लहान पोरांना खाऊ वाटावा तशी एकेकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत जायचा. "टाका तेल आणि लागा." या माणसाला डॉक्टरकी कुणी दिली, असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गाडीत जागा नसायची. आणि विचारायची हौस तरी कुणाला होती? गोळी आत गेली की थोड्या वेळानं आपले गुडघे दुसऱ्या कुणाचे तरी वाटू लागतात. दुसऱ्याचे गुडघे झिजवायला कोण नाही म्हणेल?

त्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे गुण्या. हे काही त्याचं नाव नव्हे. गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन, भिंतीचा कोपरा सरळ आहे की नाही ते पाहायचा. हा माणूस चहाच्या दुकानातल्या टेबलालाही तो लावून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा, म्हणून भोंग्यानं त्याला ते नाव चिकटवलं. भोंगा त्याचा जोडीदार. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, तेव्हा त्याच्या नावाचा वेगळा खुलासा नको. गुण्या कमी बोलायचा, भोंगा दोघांच्या वाटचं बोलायचा. वर्षानुवर्षं एकाच दोरीच्या दोन टोकांना बसून दोघांनी शाळा, दवाखाने, बँका आणि न मोजता येतील इतकी न्हाणीघरं बंद केली.

गुण्याला आपल्या पोटाचा भारी गर्व. बाकीच्यांच्या पोटात जळजळ व्हायची, आंबट पाणी वर यायचं, एखादा भिंतीला धरून वाकायचा. गुण्या मात्र तेल घेऊन वर आणखी एक चहा मारायचा आणि पोटावर थापटी मारून म्हणायचा, आपलं आतून लादीचं आहे.

ते लादीचं आत रोज संध्याकाळी दुसरंच कुणीतरी डागडुजी करून ठेवत होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तो घरी आला की ताट तयार असायचं. भिजवून मऊ शिजवलेले वाटाणे, नाहीतर घेवडा. सालासकट गाजरं. घट्ट डाळ. सफरचंदाच्या फोडी, त्याही सालासकट. तो साल काढायला लागला की बायको म्हणायची, "अहो, साल काढून खायला तुम्ही काय राजे लागून गेलात?" तिनं कुठे आहारशास्त्र शिकलं नव्हतं. टाकून द्यायचा तिला राग यायचा, एवढंच. स्वयंपाकघरात खिडकीशी एका वाडग्यात कायम काहीतरी भिजत पडलेलं असायचं आणि त्यावर झाकण म्हणून कामावरून आणलेली एक कोपरा उडालेली लादी.

मग ती गेली. आजारपण लांबलं नाही, निरोपाचं बोलणंही झालं नाही. मुलगी दूरच्या शहरातून आली, राहिली, रडली, परत गेली. वाडगा धुऊन पालथा घातला तो पालथाच राहिला.

एकटा माणूस काय खातो याची चौकशी जगात कुणी करत नाही. तो पाव खातो. चहात बुडवून, ओट्याशी उभ्यानं, कारण बसायचं तर समोरची खुर्ची दिसते. पाव संपला तर बिस्किटं. कधी दुकानातला वाफाळता मऊ भात, दाताला काही काम नाही असा. वाटाणे भिजत घालायचे म्हणजे उद्या संध्याकाळी आपण इथेच असू, आपल्याला भूक लागलेली असेल आणि ताट वाढून घ्यावंसं वाटेल, एवढं सगळं आदल्या दिवशीच कबूल करायचं. तेवढा भरवसा गुण्याकडे उरला नव्हता.

रविवारी मुलीचा फोन यायचा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, बाबा काय खाल्लं. गुण्या खोटं बोलायला कच्चा, पण इथे त्याला काही रचावं लागत नव्हतं. बायकोच्या हातचे आठवड्याचे सगळे पदार्थ त्याला पाठ होते. तो बिनचूक सांगायचा: वाटाणे केले होते, गाजरं होती, मऊ झाले होते छान. मुलगी म्हणायची, बरं झालं बाबा, तुम्ही शिकलात. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची.

कामावर मात्र तो पहिल्यासारखाच जायचा. पहिल्यापेक्षा लवकर. गुडघे आता गोळी घेतल्यावरही त्याचेच राहायचे, म्हणून ठेकेदाराची एक गिळली की तो दुसरी मागून घ्यायचा, आणि ठेकेदार द्यायचाही, कारण गुण्याची फरशी दुरुस्त करावी लागत नसे. टोळीतल्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला कामाचा हावरेपणा सुटलाय. खरी गोष्ट साधी होती. कामाला गेलं नाही तर सबंध दिवसात त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. गुडघे गेले की गाडीतली जागा गेली, जागा गेली की भोंगा गेला, आणि भोंगा गेला की उरला पाव, ओटा आणि समोरची खुर्ची. ते टाळायला तो दोन काय, चार गोळ्या गिळायला तयार होता.

पोटाला ते मान्य नव्हतं. आधी बेंबीभोवती पीळ पडू लागला. मग दोन मजले चढताना धाप लागू लागली, सिमेंटचं पोतं उचलताना डोळ्यांपुढे काजवे. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. गुण्यानं पाणी ओतलं आणि कुणाला सांगितलं नाही. फरशीखाली पाणी मुरतंय हे दिसत असूनही वरून पुसत राहणाऱ्या घरमालकाला त्यानं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. स्वतःच्या बाबतीत तोही तेच करत होता.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं राखून ठेवलेली गोळी संपली, म्हणून तो औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईनं चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. ती म्हणाली, चिठ्ठीशिवाय देणार नाही. मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, किती दिवस घेताय, कशावर घेताय. गुण्या म्हणाला, कशावर म्हणजे, पाण्यावर.

"काका, रिकाम्या पोटी ही गोळी आतलं अस्तर खरवडून काढते. नुसत्या जठराचंच नाही, पुढच्या आतड्याचंही. आधी डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा."

गुण्याला राग आला. उगाच घाबरवते असं वाटलं. तरी जाता जाता त्यानं विचारलंच, की अस्तर टिकावं म्हणून माणसानं खायचं तरी काय. मागे रांग खोळंबली होती. बाईनं सांगितलं ते असं: तंतू असलेलं खा, शेंगा, ओट्स, फळं, त्यांचा आतड्याला आधार असतो, पण त्यानं गोळी माफ होत नाही. यातलं शेवटचं वाक्य मागच्या गिऱ्हाइकाच्या खोकल्यात गेलं, किंवा गुण्यानं ते जाऊ दिलं. त्याच्या हाती उरले तंतू.

शेंगा आणि फळं म्हणजे चुलीशी उभं राहणं आलं, चिरणं आलं, वाट पाहणं आलं. गुण्या सरळ गिरणीत गेला आणि सगळ्यात जास्त तंतू कशात असतात म्हणून विचारलं. गिरणीवाला हसला, म्हणाला, कोंड्यात, घेऊन जा पिशवीभर, मला तरी झाडून टाकायचाच आहे.

आता फरशीवाल्याचं डोकं कसं चालतं ते पाहा. फरशी थेट जमिनीवर कुणी ठेवत नाही. खाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर लागतो. थर चांगला बसला की वर कपाट ठेवा, तिजोरी ठेवा, हत्ती नाचवा, फरशीला तडा जात नाही. गुण्याला वाटलं, आपल्याला आजवर हे सुचलं कसं नाही. पोटात आधी कोंड्याचा थर द्यायचा, त्यावर गोळी बसवायची. थर असला की एकाच्या जागी दोन काय, तीनही बसतील. एरवी टेबलाच्या कोपऱ्यावरही विश्वास न ठेवणाऱ्या या माणसानं एवढ्या मोठ्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण ती त्याच्या धंद्याच्या भाषेत बसत होती.

रोज सकाळी कोरड्या कोंड्याचा मूठभर बकाणा भरायचा, घोटभर पाण्यानं ढकलायचा आणि वर गोळ्या. भोंग्यानं विचारलं, हे काय, घोड्याचं खाणं खातोस. गुण्यानं मोठ्या तोऱ्यात थराची गोष्ट सांगितली. भोंग्याचंही पोट बरेच दिवस जळत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याही खिशात कोंड्याची पुडी आली. दोघं गाडीत शेजारी बसून बकाणे भरायचे आणि पोरं मागून खिंकाळून दाखवायची. त्या दिवसांत गुण्या जरा हसायचा. आपल्याकडून कुणीतरी काही शिकतंय, याचं त्याला सुख होतं.

पोटातला पीळ मात्र वाढत गेला. गुण्यानं निष्कर्ष काढला की थर पातळ पडतोय. त्यानं मूठ मोठी केली.

त्या दिवशी काम एका रिकाम्या इमारतीत होतं. भोंग्याला पलीकडची खोली दिली होती, गुण्याला आतली, मोठी, एकच दार असलेली. सकाळपासून त्याचे हात गार पडले होते आणि कानांत कुणीतरी दूरवर कटर चालवतंय असा आवाज येत होता. त्यानं दोरी बांधली, मसाला कालवला आणि काम सुरू केलं.

फरशीवाला नेहमी लांबच्या भिंतीपासून सुरू करतो आणि मागे सरकत सरकत दाराशी येतो. हे पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. आपण बसवलेल्या ओल्या फरशीवर पाय देऊन बाहेर पडता येत नाही, एवढंच त्याचं शास्त्र. गुण्यानं त्या दिवशी दाराशी सुरुवात केली. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. त्याच्या डोळ्यांना फक्त दोरी दिसत होती, आणि दोरीच्या टोकाशी पुढची फरशी. एक बसवायची, रबरी हातोडा मारायचा, कान लावून ऐकायचं, भरीव वाजली की पुढची. रांगेमागून रांग चढत गेली. फरशा सुरेख बसत होत्या. आणि मग त्याची पाठ कशाला तरी टेकली. त्यानं वळून पाहिलं तर भिंत होती.

तो लांबच्या कोपऱ्यात होता. त्याच्यात आणि दारात सबंध खोलीभर ओली, सरळ, चकचकीत फरशी पसरली होती. एवढी चांगली खोली त्यानं कित्येक दिवसांत बंद केली नव्हती, फक्त या खेपेला तो आत राहिला होता.

हाक मारायची तर भोंगा पलीकडेच होता. गुण्यानं हाक मारली नाही. आधी लाज वाटली. मग अंगातून घाम सुटला, थंड, चिकट. त्याला वाटलं, मसाला धरेपर्यंत बसून राहू, काय बिघडतंय, घरी तरी काय करतो. त्यानं कोपऱ्यात गुडघे जवळ घेतले, पाठ भिंतीला लावली. पोटात कुणीतरी मुरगळून सोडत होतं. समोरच्या भिंतीवरचा उन्हाचा चौकोन तेवढा त्याला ओळखीचा वाटत होता. त्याच्या मनात आलं, इथे आपण असेच आडवे झालो तर फरशी सुकेपर्यंत कुणी आत येणार नाही, आणि येऊही नये. काम खराब होईल.

भोंगा त्याची खोली बंद करून दारात आला आणि पाहताच खदाखदा हसला.

"अरे गुण्या, स्वतःलाच चिणून घेतलंस की. आता तुला बाहेर काढायला छप्पर उचलावं लागेल. थांब, सगळ्यांना बोलावतो, ही जत्रा..."

एवढ्यात त्याला गुण्याचा चेहरा दिसला. पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा. हसणं तोंडातच राहिलं. त्यानं एक पाय उचलला.

"पाय नको ठेवूस," गुण्या म्हणाला. आवाज जेमतेम निघाला. "ओली आहे."

भोंग्यानं पाय ठेवला. फरशी एका अंगाला खचली, सांध्यातून मसाला वर आला. त्यानं दुसरा पाय ठेवला. तो पळालाही नाही, चिखलातून जावं तसा एकेक पाऊल रुतवत, एकेक फरशी वाकडी करत सबंध खोली तुडवत आला. गुण्या प्रत्येक पावलाला नको नको म्हणत होता. भोंगा त्याच्याशेजारी खाली बसला, त्याच्या बगलेत हात घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज हळू निघाला.

"गप बस. परत बसवू."

दवाखान्यात गुण्याला रक्त चढवलं, दुर्बीण घालून आत पाहिलं. जठरात एक जखम, पुढे आतड्यात आणखी, आणि त्या बरेच दिवस थोडं थोडं वाहत होत्या. डॉक्टरनं त्याच्या पोटावर दोन बोटं ठेवून वरून टकटक केलं तेव्हा गुण्यानं सवयीनं कान लावला. पोकळ वाजत होतं.

डॉक्टर तरुण होता पण शहाणा होता, ओरडला नाही. गुण्यानं त्याला कोंड्याच्या थराची गोष्ट सांगितली, जरा अभिमानानंच. डॉक्टरनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, आजोबा, आत मसाल्याचा थर बसत नाही. आत चामडी आहे, ती जिवंत आहे, रोज झिजते आणि रोज भरते. वाटाण्यात, डाळीत, ओट्समध्ये, फळांच्या गरात एक बुळबुळीत तंतू असतो, पाण्यात विरघळणारा. आतड्यातले चांगले जंतू त्याच्यावर जगतात आणि ते जंतू त्या चामडीला पोसतात. गोळ्यांनी होणारी आतड्याची इजा त्यानं कमी झालेली प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसली आहे. माणसांबद्दल एवढ्या खात्रीनं अजून सांगता येत नाही. पण त्याच प्रयोगांत कोरड्या, खरखरीत, न विरघळणाऱ्या तंतूनं जखमा वाढलेल्याही दिसल्या आहेत. जिथे सोललेलं होतं तिथे तुम्ही कोरडा कोंडा ढकललात, आणि त्या भरवशावर गोळ्या वाढवल्यात.

गुण्यानं विचारलं, म्हणजे वाटाणे खाल्ले तर गोळ्या चालतील ना.

"नाही चालणार. ही गोळी आता तुमच्यासाठी संपली. जखमा भरेपर्यंत मऊ खा, मग हळूहळू वाटाणे. ते पोटासाठी खा, गोळीसाठी नाही."

गोळी संपली म्हणजे गुडघे संपले. गुडघे संपले म्हणजे काय, ते डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. गुण्यानं भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी आली. गुण्या घरी आला तोवर तिनं स्वयंपाकघर उघडून पाहिलं होतं. कपाटात पावाच्या रिकाम्या पिशव्या, नीट घडी घालून एकात एक ठेवलेल्या. चहाची भुकटी. कोंड्याची पिशवी. आणि खिडकीशी वाटाण्यांची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली, आईनं भरली होती तेवढीच.

ती रागावेल म्हणून गुण्या तयारीत होता. ती खुर्चीवर बसली, समोरच्या, आईच्या.

"दर रविवारी तुम्ही मला आईचा स्वयंपाक सांगत होतात," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, बाबांना जमतंय."

मग ती म्हणाली, चला माझ्याकडे. तो म्हणाला, तुमच्याकडे मी दिवसभर काय करू. ती म्हणाली, इथे काय करणार आहात. गुण्या कारणाशिवायही नाही म्हणू शकत होता, जन्मभर म्हणत आला होता. तिनं हात टेकले. जाताना एकच अट घातली: रविवारी खोटं ऐकू आलं की त्याच दिवशी निघून येईन आणि सामानासकट घेऊन जाईन. खोटं तुला कळणार कसं, असं तो म्हणाला. ती म्हणाली, आता कळेल.

घर पुन्हा मोठं झालं. सकाळी गाडी रस्त्यावरून जायची, तो खिडकीतून पाहायचा. भोंग्याच्या शेजारची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली होती. कधीमधी भोंगा संध्याकाळी डोकवायचा, पण घरात आल्यावर दोघांना बोलायला विषय सापडायचा नाही. समोर फरशी नसली की ते दोघं नुसते दोन म्हातारे होते. एकदा जाताना भोंग्यानं खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर पुडी खाली पडली. कोंडा होता. गुण्यानं अजून खातोस का म्हणून विचारलं. भोंगा म्हणाला, खातो तर, तूच सांगितलंस ना, आता तर पोटात जास्त पिळतं म्हणून मूठ वाढवलीय. गुण्यानं त्याला डॉक्टरचं सगळं सांगितलं. भोंगा ऐकून म्हणाला, डॉक्टर काय, काहीही सांगतात, तू सांगितलेलं डोक्यात बसलंय.

त्या रात्री गुण्याला झोप लागली नाही. स्वतःच्या पोटाचं त्याला फार वाटलं नव्हतं. पण ज्या माणसानं त्याच्यासाठी सबंध खोली तुडवली, त्याच्या पोटात तो आपल्या हातानं खरखरीत कोंडा भरत होता.

जखमा भरल्यावर डॉक्टरनं वाटाण्यांची परवानगी दिली. गुण्यानं वाडगा सुलटा केला, बरणीतले वाटाणे भिजत घातले, वर तीच कोपरा उडालेली लादी ठेवली. दुसऱ्या दिवशी चुलीवर चढवले. ते शिजेनात. पाणी आटलं, पुन्हा ओतलं, पुन्हा आटलं, खालून करपले आणि दाताखाली मात्र खडे. रविवारी फोन आला, काय खाल्लं बाबा.

"वाटाणे केले. खाली लागले. आणि शिजलेही नाहीत."

पलीकडे मुलगी हसली, खूप दिवसांनी. आईचे कधी लागले नाहीत, म्हणाली, तेव्हा हे खरं असणार. मग विचारलं, कुठल्या बरणीतले घेतले. गुण्या म्हणाला, खिडकीतल्या.

"ते आईनं भरलेले आहेत, बाबा. फार जुने झाले. जुने वाटाणे कितीही शिजवा, मऊ होत नाहीत. नवे आणा."

गुण्यानं नवे आणले. जुने टाकले नाहीत, बरणी तशीच खिडकीत ठेवली. नवे भिजले, फुगले, शिजले, बोटानं दाबले की चुरडायचे. पण माप त्याला एकच माहीत होतं, बायकोचं, मुलगी घरी असतानाचं, तिघांचं. पातेलं भरून वाहिलं. तेवढं एकट्यानं खायचं म्हणजे आठवडा गेला असता. त्यानं डब्यात भरले, जाड टॉवेलात गुंडाळले, आणि सकाळी गाडी जाते त्या रस्त्यानं चालत निघाला, गुडघ्यांना शिव्या देत, जागोजागी थांबत.

टोळीचं काम चाललेल्या इमारतीच्या दारातच ठेकेदार भेटला. काका तुम्ही इथे कशाला, म्हणाला, बसायला जागा नाही. खिशात पट्टी दिसत होती. गुण्यानं तिच्याकडे बोट करून सांगितलं, तुमची ती पट्टी माझ्या पोटातून रक्त होऊन बाहेर पडली, तेव्हा जागेचं मला सांगू नका. एक पालथी बादली ओढली आणि भोंग्याच्या खोलीच्या दाराबाहेर बसला. ठेकेदाराला लगेच दुसरीकडे काम आठवलं.

भोंगा आत लांबच्या भिंतीशी गुडघ्यांवर होता. त्यानं वळून पाहिलं, डबा पाहिला, आणि म्हणाला की वेडा झालास का, खोली बंद व्हायचीय, आता खाल्लं तर घशाशी येईल. गुण्या म्हणाला, बरं. तो बसून राहिला. डबा मांडीवर, दोन्ही हात टॉवेलावर. आतून हातोड्याचा आवाज येत होता, एकामागून एक, भरीव, भरीव. मध्येच एक वेगळा वाजला.

"ती पोकळ आहे," गुण्या बाहेरून म्हणाला.

"माहीत आहे," आतून आवाज आला. पण फरशी उचलून पुन्हा बसवल्याचा आवाजही आला.

बऱ्याच वेळानं भोंगा काम अर्धवट सोडून तसाच मागे सरकत दाराशी आला. खोली निम्मीही झाली नव्हती. तो उठला नाही. गुडघ्यांवरच वळला, हात पँटला पुसला आणि पुढे केला.

"दे चार घास. वर आलं तर तुझ्या नावानं शंख करीन."

त्यानं खाल्लं. चार घासांच्या वर खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाला. मग खिशातून पुडी काढली आणि मसाल्याच्या तगारीत उलटी केली. गोळीही काढली, तळहातावर घेऊन पाहत राहिला.

"आता पोटात काहीतरी आहे. आता घेतली तर चालेल ना?"

"डॉक्टरला विचार," गुण्या म्हणाला. "मला विचारू नकोस. मी एकदा सांगून बसलोय."

भोंग्यानं गोळी परत खिशात टाकली. घेतली नाही, फेकलीही नाही. वळला, दोरी ताणली आणि पुढची फरशी उचलली. बाकीची पोरं डब्याकडे फिरकली नाहीत, त्यांच्या खोल्या बंद व्हायच्या होत्या. गुण्या आणखी थोडा वेळ ऐकत बसला. मग उरलेला डबा टॉवेलात गुंडाळून आल्या रस्त्यानं परत गेला.

घरी त्यानं खुर्चीवर बसून जेवण केलं. गार झालं होतं. समोरची खुर्ची समोरच होती. ताट धुतलं, वाडगा धुतला. उजेड असतानाच वाटाण्यांची पिशवी उघडली आणि वाडग्यात एक मूठ टाकली, एकट्यापुरती. पाणी ओतायला तांब्या उचलला आणि तसाच उभा राहिला. उद्या भोंगा कुठल्या खोलीत असेल, दाराबाहेर बादली असेल की नाही, त्याला काही माहीत नव्हतं.

त्यानं तांब्या खाली ठेवला. आणखी एक मूठ टाकली, मग पाणी ओतलं, आणि वर लादी ठेवली.